दोन पाळणे

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, 'काय आणलंस?' आणि दुसरा, 'काय काय पाहिलंस?' पहिल्या प्रश्नाची उत्तरे मी बॅगेतून काढून ज्याच्या त्याच्या हातावर ठेवली. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र माझी पंचाईत झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात मी चांगले सहा आठवडे अमेरिकेत होते. पण नायगारा पाहिला नाही, वॉशिंग्टनला गेले नाही, आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला तो धावत्या गाडीच्या खिडकीतून, नखाएवढा. कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत हे ऐकून इतिहासाचे प्राध्यापक हळहळले. "मग बाई, तुम्ही तिथं पाहिलंत तरी काय?"

"जत्रा पाहिली," मी म्हणाले.

सगळे हसले. मी थट्टा करते आहे असे त्यांना वाटले. पण मी खरे तेच सांगत होते. न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी, कोनी आयलंड नावाची एक जत्रा शंभरावर वर्षे भरते आहे. ती मी पाहिली. आणि ती कशी पाहिली हे चहाच्या सुट्टीत सांगून होण्यासारखे नव्हते, म्हणून आज लिहायला बसले आहे.

त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण जर्सी सिटीत राहते. तिला दुसऱ्या खेपेचे दिवस होते. तारीख जुलैअखेरची होती आणि मी जूनच्या शेवटी जाऊन तिचे बाळंतपण करायचे असे ठरले होते. डिंकाच्या लाडवांचे सामानसुद्धा आईने आणून ठेवले होते. पण मेच्या मध्यावर एका पहाटे फोन वाजला. एकोणतिसाव्या आठवड्यातच मुलगी झाली होती. वजन अकराशे ग्रॅम. आईने फोन माझ्या हाती दिला आणि काही न बोलता देवासमोर जाऊन बसली.

आईच्या त्या गप्प बसण्याचे कारण मला ठाऊक होते. आम्हां दोघी बहिणींच्या मधे एक भाऊ झाला होता. १९८४ साली, आमच्या तालुक्याच्या गावी, सातव्या महिन्यात. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आजीने त्याला कापसात गुंडाळून, जवळ शेगडी ठेवून, चार दिवस आणि चार रात्री राखले. कापूस, शेगडी आणि आजीचा हात, एवढेच आमच्याकडे होते. पाचव्या दिवशी सकाळी शेगडी विझवली. त्यानंतर घरात कोणी त्याचे नाव काढले नाही. काढणार तरी काय? नाव ठेवलेलेच नव्हते.

मी तिकिटाची तारीख बदलून घेतली आणि आठवड्याच्या आत बहिणीकडे पोचले. बाळ रुग्णालयात काचेच्या पेटीत होते. छातीवर, पायाला तारा चिकटवलेल्या, नाकात नळी, आणि मनगटावरच्या पट्टीवर नाव नाही, नुसते 'बेबी गर्ल' आणि पुढे आडनाव. नाव घरी आणल्यावर ठेवू, असे सगळ्यांनी ठरवले होते. का, ते कोणी बोलत नव्हते. बहीण दिवसभर पेटीपाशी बसे. पेटीला दोन गोल खिडक्या होत्या, त्यांतून हात घालून ती बाळाच्या तळव्याला बोट लावून राही. माझे मेहुणे कामावरून थेट रुग्णालयात जात. आणि घरी राहत असे माझा नऊ वर्षांचा भाचा.

तो एकाएकी फार शहाण्यासारखा वागू लागला होता. स्वतःची बशी स्वतः धुवी, सांगितल्यावेळी झोपे, हट्ट म्हणून करीत नसे. नऊ वर्षांचे मूल असे शहाण्यासारखे वागू लागले, की घरात काहीतरी बिनसले आहे हे ओळखावे. ते बहिणीने माझ्याआधी ओळखले. जूनच्या पहिल्या शुक्रवारी ती मला म्हणाली, "ताई, उद्या त्याला कोनी आयलंडला घेऊन जा ना. मी त्याला कबूल केलं होतं."

"अगं, बाळ इथं असं असताना जत्रेत जायचं? लोक काय म्हणतील?"

"बाळाजवळ मी आहे, ताई. त्याच्याजवळ कोणी नाही."

हे बोलणे तिथल्या परिचारिकेने ऐकले नसावे, पण 'कोनी आयलंड' हे शब्द तिच्या कानांवर पडले. पन्नाशीची, मूळची केरळातली, मोजके बोलणारी बाई. पेटीवरचा आकडा टिपता टिपता म्हणाली, "जरूर जा. ह्या पेट्यांवर मुलं जगतात, हे ह्या देशाला कोणी पटवलं ठाऊक आहे? त्या जत्रेतल्या एका माणसानं." मला वाटले माझ्या ऐकण्यात चूक झाली. रात्री भाचा झोपल्यावर मी फोनवर शोधून वाचत बसले, ती दोन वाजेपर्यंत उठले नाही.

सकाळी मावशी-भाचे निघालो. जर्सी सिटीहून नदीखालच्या गाडीने न्यूयॉर्क, आणि तिथून 'क्यू' नावाची गाडी. तिकीट तेव्हा, २०२३ च्या जूनमध्ये, पावणेतीन डॉलर होते; ते काढले की ह्या गाडीने तासाभरात थेट समुद्र. गाडी आधी जमिनीखालून जाते, मग मॅनहॅटनच्या पुलावर एकदम उजेडात येते (ती नखाएवढी स्वातंत्र्यदेवी इथेच), मग घरांच्या परसांमधून, आणि शेवटी खांबांवर उभारलेल्या रुळांवरून घरांच्या माथ्याला माथा लावून धावते. शेवटच्या वळणावर डाव्या हाताला आधी लाकडी रुळांची एक उंचसखल कमान दिसते, तिच्यामागे एक प्रचंड चाक, आणि त्याच्यामागे समुद्र. भाचा खिडकीला नाक लावून बसला होता. इतक्या दिवसांत प्रथमच तो शहाणपणा विसरला. "मावशी, ते बघ! ते बघ!"

कोनी आयलंड हे आता बेट राहिलेले नाही. मधली खाडी बरीचशी भरून काढल्यामुळे ते ब्रुकलिनला जोडले गेले आहे, पण नाव राहिले. एकोणिसाव्या शतकात इथे श्रीमंतांची हॉटेले होती. मग जत्रेची माणसे आली. १८८४ साली ला-मार्कस थॉम्प्सन नावाच्या गृहस्थाने इथे उतारावरून घसरत जाणारी एक लाकडी गाडी सुरू केली. वेग ताशी सहा मैल, म्हणजे आपल्या टांग्यापेक्षाही कमी. तिकीट पाच सेंट. लोकांनी रांगा लावल्या. आज जगभर ज्याला रोलर कोस्टर म्हणतात त्या खेळाचा धंदा ह्या गाडीपासून वाढला. पुढे तीन मोठी उद्याने उभी राहिली: १८९७ साली जॉर्ज टिल्यू यांचे स्टीपलचेस, १९०३ साली थॉम्प्सन आणि डंडी या जोडीचे लूना पार्क (हे थॉम्प्सन वेगळे), आणि १९०४ साली ड्रीमलँड. लूना पार्कात अडीच लाख विजेचे दिवे होते, तर ड्रीमलँडने दहा लाख लावल्याची जाहिरात केली. घरोघरी वीज नव्हती त्या काळातली ही गोष्ट. गिरणीतून, शिवणखान्यातून आठवडाभर मान मोडून काम केलेली माणसे रविवारी नुसते ते दिवे बघायलाही येत असतील.

आणि १९२० साली भुयारी रेल्वेचा फाटा थेट इथवर आला. भाडे पाच सेंट. पाच सेंटच्या नाण्याला तिकडे निकेल म्हणतात, म्हणून ह्या जागेला 'निकेलचे साम्राज्य' असेच नाव पडले. पाच सेंटात यायचे, आणि नेथन हँडवर्कर या पोलंडहून आलेल्या माणसाच्या दुकानात, १९१६ पासून, पाच सेंटातच खायचे. १९२३ साली समुद्रकाठाने लाकडी फळ्यांचा ऐंशी फूट रुंद रस्ता बांधला आणि वाळूवर जायला कोणाची परवानगी लागेनाशी झाली. त्याआधी किनाऱ्याचा बराच भाग खासगी मालकीचा होता, आणि समुद्रात पाय बुडवायलाही पैसे मोजावे लागत. मला ही गोष्ट दिव्यांपेक्षा मोठी वाटते.

आम्ही प्रथम गेलो त्या लाकडी रुळांपाशी. हिचे नाव सायक्लोन. २६ जून १९२७ ला सुरू झाली; उंची पंचाऐंशी फूट, आणि वेग ताशी साठ मैल. १९७० च्या दशकात ती पाडून टाकायचे घाटत होते; लोकांनी ओरड करून वाचवली, आणि पुढे १९८८ साली शहराने तिला वारसास्थळ ठरवले. आपल्याकडे वारसा म्हटले की किल्ला किंवा देऊळ डोळ्यांपुढे येते. इथे लोकांनी किंकाळ्या मारण्याची जागा वारसा म्हणून जपली आहे! भाच्याने मला ओढत दारापाशी नेले. दारात उंची मोजायची खूण होती. चोपन्न इंच हवी. तो त्रेपन्न भरला. टाचा उंचावून पाहिल्या, केस उभे करून पाहिले. दारावरच्या मुलाने हसून मान हलवली. भाच्याचा चेहरा उतरला. मी मात्र मनातल्या मनात त्या एका इंचाला हात जोडले, कारण तो आत गेला असता तर मलाही जावे लागले असते.

"मग त्या चाकात बसू," तो म्हणाला. नाही म्हणायला माझ्याकडे आता इंच उरला नव्हता.

त्या चाकाचे नाव वंडर व्हील. १९२० सालचे, उंची दीडशे फूट, चोवीस डबे. चार्ल्स हर्मन यांनी त्याची आखणी केली. त्यात एक खोडी आहे. आठ डबे कडेला पक्के बसवलेले आहेत. उरलेले सोळा मात्र आतल्या वाकड्यातिकड्या रुळांवर सुटे आहेत. चाक फिरू लागले की ते मध्याकडून कडेकडे आणि कडेकडून मध्याकडे सुसाट घसरतात आणि झोके खातात. पक्क्या डब्यांची रांग वेगळी, सुट्यांची वेगळी. भाच्याने मला कोणत्या रांगेत उभे केले हे मला कळले तेव्हा डब्याचे दार लागले होते.

चाक हळूहळू वर जाऊ लागले आणि मला आजोळच्या जत्रेतला रहाटपाळणा आठवला. चार लाकडी पाळणे, आणि ते हातांनी ओढून फिरवणारे दोन उघडेबंब गडी. हे चाक विजेवर चालते. पण १९७७ च्या जुलैत साऱ्या न्यूयॉर्कची वीज गेली, तेव्हा अडकलेली माणसे उतरवण्यासाठी हेही हातानेच फिरवले होते! म्हणजे वेळ पडली की वंडर व्हीलचाही रहाटपाळणाच होतो. पुढे १९८३ साली हे चाक डीनो व्हर्डेरिस नावाच्या माणसाने विकत घेतले. ग्रीसहून आलेला, हातगाडीवर खाद्यपदार्थ विकणारा. १९४८ साली लग्नाची मागणी घालताना त्याने मुलीला म्हटले होते म्हणे, 'हे चाक मी तुला एक दिवस घेऊन देईन.' पस्तीस वर्षांनी दिले. आमच्यात साधी पैठणी म्हटली तरी काही नवऱ्यांना ह्याहून जास्त वर्षे लागतात.

आमचा डबा वर पोचता पोचता एकदम सुटला, धाडकन कडेला गेला आणि झुलू लागला. मी डोळे मिटून कांडी घट्ट धरली. भाचा आनंदाने ओरडला. मग चाक थांबले. खाली माणसे चढत-उतरत होती आणि आम्ही अगदी माथ्यावर होतो. एका बाजूला नुसते पाणी. दुसऱ्या बाजूला सबंध ब्रुकलिन. वारा गार होता. आणि त्या झुलत्या डब्यात भाच्याने समोर बघत, अगदी सहज विचारावे तसे विचारले,

"मावशी, बाळ मरणार आहे का?"

तीन आठवडे हा प्रश्न घेऊन तो बशा धूत होता. घरात विचारायची सोय नव्हती, म्हणून दीडशे फुटांवर येऊन विचारला.

'छे, असं बोलू नये!' हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. आमच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या तयार असते. १९८४ साली मी आजीला हेच विचारले होते आणि मला तेच उत्तर मिळाले होते. ते वाक्य मी गिळले.

"मला ठाऊक नाही, राजा," मी म्हणाले. "डॉक्टरांनाही आज नक्की सांगता येणार नाही. पण बाळाचं वजन वाढतंय. आणि एक गोष्ट मला ठाऊक आहे. त्या तिकडे रस्त्यापलीकडे उंच इमारती दिसतात ना? तिथं पूर्वी लूना पार्क होतं. त्या लूना पार्कात आपल्या बाळासारखी बाळं काचेच्या पेट्यांत ठेवलेली असत."

"जत्रेत?"

"जत्रेत. लोक पैसे देऊन त्यांना बघायला येत."

आणि मग आदल्या रात्री वाचलेले सगळे मी त्याला सांगितले. ते इथे थोडे सविस्तर सांगते.

त्या माणसाचे नाव मार्टिन कूनी. मूळचा युरोपातला. कोंबडीची अंडी उबवण्याच्या पेट्या पाहून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तशी पेटी करण्याची कल्पना १८८० च्या सुमारास पॅरिसमधल्या स्तेफान तार्निए या डॉक्टरांना सुचली. ऊब, शुद्ध हवा आणि स्वच्छता; मूळ तत्त्व एवढेच. आमच्या आजीच्या कापसाचे आणि शेगडीचे तत्त्व तेच होते. फक्त शेगडीला ऊब कमी-जास्त करता येत नव्हती. पण ह्या पेट्या महाग, आणि त्यांवर अहोरात्र लक्ष ठेवणारी माणसे त्याहून महाग. बहुतेक रुग्णालयांत त्यांची सोय नव्हती; ही बाळे मुळात जगायचीच नाहीत असा पुष्कळांचा समज होता. कूनी यांनी १८९६ साली बर्लिनच्या प्रदर्शनात अशा पेट्या, आत खरी बाळे ठेवून मांडल्या. पुढे अमेरिकेत येऊन १९०३ साली लूना पार्कात कायमचा तंबू ठोकला. बाहेर बोलावणारा ओरडे, आत रांगेने पेट्या, समोर कठडा. पाहणाऱ्याला पुढे पंचवीस सेंट तिकीट होते. आईबापांकडून मात्र एक सेंटही घ्यायचा नाही. बघ्यांच्या पैशावर परिचारिका, औषधपाणी, दूध पाजणाऱ्या दायांचा पगार. ह्या दायांनी बाहेर जत्रेतले अबरचबर खाल्लेले कूनींना खपत नसे. बाळंतिणीचे पथ्य सांभाळणाऱ्या आपल्या आज्या आणि कूनी यांचे ह्या बाबतीत चांगले जमले असते.

बाळांचे प्रदर्शन मांडतो म्हणून त्यांच्यावर टीका झाली. ती मला अगदीच गैर वाटत नाही. ह्याच लूना पार्कच्या जागेवर, उद्यान बांधून होत असताना, ४ जानेवारी १९०३ ला टॉप्सी नावाच्या हत्तिणीला विजेचा धक्का देऊन मारले होते, आणि त्याचे चलच्चित्र काढले होते. फिलिपाईन्सहून आदिवासी आणून त्यांचे 'गाव' इथे लोकांना दाखवले होते. पैसे टाकले की काहीही बघायला मिळते, ही जत्रेची वाईट बाजू. मी ती झाकून ठेवणार नाही. पण त्याच बघ्यांच्या त्याच नाण्यांवर बाळे जगत होती, हेही तितकेच खरे. ज्या वर्षी टॉप्सी मेली त्याच वर्षी तिथे पहिली पेटी तापली.

मे १९११ मध्ये ड्रीमलँडला रात्री आग लागली. दहा लाख दिव्यांचे ते उद्यान सकाळपर्यंत राख झाले. कूनी यांची पेट्यांची एक शाखा तिथेही होती. बाळे गेली अशी बातमी आधी पसरली. ती खोटी होती. परिचारिकांनी एकूण एक बाळ उचलून बाहेर आणले होते आणि लूना पार्कातल्या पेट्यांत नेऊन ठेवले होते. ड्रीमलँड पुन्हा उभे राहिले नाही.

१९२० साली ब्रुकलिनमध्ये एका बाईला जुळे झाले. एक मुलगी जन्मतःच गेली. दुसरी जेमतेम किलोची. ही जगणार नाही असे रुग्णालयात सांगितले. बापाने तिला पांघरुणात गुंडाळले, टॅक्सी केली आणि थेट जत्रेत आणले. ती मुलगी सहा महिने कूनींच्या पेटीत वाढली. पुढे तिचे लग्न झाले, मुले झाली, आणि ती शहाण्णव वर्षांची होऊन २०१७ साली वारली. कूनी यांच्या स्वतःच्या मुलीचीही गोष्ट अशीच. तीही दिवस भरायच्या आधी झाली आणि बापाच्याच पेटीत वाढली. आपल्याकडे आठ हजार बाळे आली आणि त्यांतली साडेसहा हजार जगली, असा त्यांचा हिशेब होता. शिकागोचे डॉक्टर ज्युलियस हेस यांनी १९२२ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर ग्रंथ लिहिला, त्यात कूनींचे ऋण मान्य केले. पुढे १९४३ साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अशा बाळांचा स्वतंत्र विभाग निघाला आणि कूनींनी आपला तंबू उठवला. त्यांचे काम संपले होते. १९५० साली ते वारले, तेव्हा हाती फारसा पैसा नव्हता.

एक गोष्ट सांगायची राहिली. हे 'डॉक्टर' कूनी खरोखर डॉक्टर होते याचा पुरावा नंतरच्या संशोधकांना मिळाला नाही. आम्ही प्राध्यापक म्हणजे पदव्यांच्या गावची माणसे. कोणाच्याही नावापुढची अक्षरे आम्ही आधी वाचतो. वर्गात 'रंजन' आणि 'प्रबोधन' यांचे मी इतकी वर्षे दोन रकाने पाडत आले आहे, आणि रंजनाचा रकाना नेहमी डावीकडे, खालच्या पायरीचा. पण पदव्या असलेल्या पुष्कळांनी ज्यांची आशा सोडली होती, ती बाळे एका जत्रेतल्या माणसाने पाचपंचवीस सेंटच्या नाण्यांवर जगवली. तो रकाना मी आता फळ्यावर काढते तेव्हा हात जरा अडखळतो.

हे सगळे मी भाच्याला असेच सांगितले नाही. त्याला बाळांची, आगीची आणि टॅक्सीची गोष्ट पुरली. ती ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सगळी नाही जगली ना पण?"

"नाही. सगळी नाही." आणि मग माझ्या तोंडून ते निघाले. "तुला एक मामा होता. आमच्या आईला झालेला. त्यालाही असंच लवकर यायचं होतं. आमच्या गावात पेटी नव्हती."

"त्याचं नाव काय?"

"ठेवलंच नव्हतं."

चाक हलले. डबा पुन्हा सुटला आणि आम्ही समुद्राच्या बाजूने झोका घेत खाली येऊ लागलो. भाचा विचार करीत होता. मराठीत बाळाला निजवतात त्यालाही पाळणा म्हणतात, आणि जत्रेत जीव वरखाली करतो त्यालाही पाळणाच. हे शब्दांचे साधर्म्य मी वर्गात कधी शिकवले नव्हते. त्या दिवशी ते मला दीडशे फुटांवर समजले. खालून हाताने गरगर फिरवणारे कोणीतरी असते, आणि वर बसलेल्याने कांडी धरून राहायचे असते.

खाली उतरताना भाचा म्हणाला, "मग आपल्या बाळाचं नाव आजच ठेवू या."

नंतर आम्ही लाकडी रस्त्यावरून खूप चाललो. एका टोकाला ड्रीमलँडच्या जागी आता मत्स्यालय आहे; ते १९५७ साली झाले. दुसऱ्या टोकाला स्टीपलचेसच्या जागी बेसबॉलचे मैदान, आणि त्याच्याशेजारी अडीचशे फूट उंचीचा एक लोखंडी मनोरा आकाशात उभा आहे. त्यावरून पूर्वी लोक हवाई छत्रीने खाली उतरत. छत्र्या १९६० च्या दशकात बंद झाल्या. मनोरा उभा आहे. १९४४ च्या आगीनंतर लूना पार्कही संपले. त्या जागी त्या उंच इमारती आल्या. २०१० साली रस्त्याच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला, नव्या खेळांचे नवे उद्यान निघाले, त्याला जुनेच नाव दिले आहे. २०१२ साली सँडी वादळाने समुद्र ह्या साऱ्यात शिरला. २०२० साली चाकाची शंभरी भरली तेव्हा साथीमुळे कुलूप होते. तरी आमच्या आसपास त्या दिवशी किती भाषा बोलत होत्या! रशियन, स्पॅनिश, चिनी, बंगाली. आजीबाई वाळूत पाय पसरून बसल्या होत्या, पोरे ओरडत होती. आम्ही कागदाच्या द्रोणातून बटाट्याच्या तळलेल्या फोडी खाल्ल्या. भाच्याने हट्ट करून आणखी एक द्रोण मागितला. तो हट्ट ऐकून मला इतका आनंद झाला, की मी दोन घेतले.

संध्याकाळी थेट रुग्णालयात गेलो. बहीण पेटीपाशीच होती. भाच्याने तिला चाक, त्रेपन्न इंच आणि टॅक्सीतले बाळ हे सगळे एका दमात सांगितले, आणि शेवटी नावाचे सांगितले. ती माझ्याकडे बघत राहिली. "आईला काय वाटेल, ताई? घरी आणायच्या आधी नाव..."

"आईला मी विचारते," मी म्हणाले. पुण्यात पहाट होत होती. मी फोन लावला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ठेवा. त्याचंही ठेवायला हवं होतं."

एकोणचाळीस वर्षांत ती त्याच्याविषयी बोललेले हे पहिले वाक्य.

पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, गोविंद घ्या म्हणायला बायका नव्हत्या. बहिणीने गोल खिडकीतून हात आत घातला, वाकून काचेला तोंड लावले आणि नाव उच्चारले. आत्याच्या जागी भावाने उभे राहून ते आणखी दोनदा म्हटले. केरळच्या त्या परिचारिकेने पट्टीवर ते सुबक अक्षरांत लिहून दिले. नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे, मोठी झाल्यावर तिनेच लोकांना सांगावे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, मी निघण्याच्या दोन दिवस आधी, ती घरी आली. वजन दोन किलोंच्या थोडे वर. भाच्याने दारात तिला ओवाळायचे तबक स्वतः धरले होते. तो तोवर चोपन्न इंचांना टेकला होता. निदान तो तसे सांगत होता.

परत आल्यावर आईनेही मला तोच प्रश्न विचारला, "काय काय पाहिलंस गं?"

"जत्रा पाहिली," मी म्हणाले.

ती हसली नाही. माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सांग."